मी रंगवलेल्या भिंती

ज्या दवाखान्याचं नाव मी लातूर-नांदेड रस्त्यावरच्या भिंतींवर हातभर उंचीच्या अक्षरांत लिहिलं, ते नाव मी इथे लिहिणार नाही. एकेकाळी डोळे मिटूनही मला ते लिहिता आलं असतं. कुठल्या अक्षराचा काना किती लांब घ्यायचा, लाल कुठे संपवायचा आणि पिवळा कुठे सुरू करायचा, सगळं हाताला पाठ होतं. आता साठी गाठली, हात थोडा थरथरतो, पण ते नाव अजून बोटांत आहे. म्हणूनच ते बोटांतच राहू दे.

आमचं घर मुरूडला, बाजाराच्या मागच्या गल्लीत. पुढच्या खोलीत पिठाची गिरणी आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही चौघं: अप्पा, आई, माझा मोठा भाऊ शिवलिंग आणि मी, बसू. शिवलिंगला मी आण्णा म्हणायचो. तो माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा. गिरणीचं इंजिन डिझेलवर चालायचं. सकाळी आण्णा हँडल मारायचा, इंजिन दोनदा खोकायचं, आणि मग छपरावर काढलेल्या नळकांड्यातून पुक्-पुक् सुरू व्हायचं ते पार दुपारपर्यंत. भांडी थरथरायची, देवळीतला आरसा थरथरायचा. त्या आवाजात बोलायचं तर ओरडून बोलावं लागे. त्यामुळे आमच्या घरात सगळेच मोठ्यानं बोलत, आणि जे मोठ्यानं बोलता येण्यासारखं नसे ते बोललंच जात नसे. हे मला आता कळतं. तेव्हा वाटायचं, सगळ्यांचीच घरं अशी असतात.

आण्णा दिवसभर पिठात असायचा. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, कानामागच्या घामानं तिथे कणीक मळल्यासारखी झालेली. बायकांचे डबे एका ओळीत लागायचे आणि कुणाचा डबा कुणानंतर ते त्याला तोंडपाठ असे. खाली पडणारं गरम पीठ तो चिमटीत घेऊन बघायचा आणि न बोलता गिरणीचा दगड सैल करायचा. बायकांशी चेष्टामस्करी नाही, मान वर करून बघणं नाही. गावात म्हणायचे, गिरणीवाल्याचं थोरलं पोरगं लई गुणाचं. दुपारी इंजिन थांबलं की घरात एकदम इतकी शांतता व्हायची की कानात शिट्टी वाजायची. मग आई भाकरी वाढायची. ज्वारीची टम्म फुगलेली भाकरी, येसर मसाल्याची आमटी, खलबत्त्यात कुटलेला लाल मिरचीचा ठेचा आणि त्यावर शेंगदाण्याच्या तेलाची धार. आण्णा ठेचा इतका खायचा की त्याच्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि पापण्यांवरच्या पिठाचे ओघळ गालावर उतरायचे. आई हसायची. तो तिला म्हणायचा, "अजून वाढ."

मग पाऊस लागोपाठ चुकला. डब्यांची ओळ आखडत गेली, पायलीचं दळण शेरावर आलं. आमटी पातळ झाली, आठवड्यातून तीन-चार दिवस हुलग्याचं पातळ माडगं व्हायला लागलं. इंजिन थंड ठेवायला जी पाण्याची टाकी असते, तिच्यातलं तेलकट, कोमट पाणीसुद्धा अप्पा झाकण लावून ठेवायचे. इंजिन तासाभरातच बंद व्हायचं. एका गिरणीला दोन पोरांची गरज उरली नाही, आणि मला चित्रं काढायचा नाद होता. म्हणून दहावी होताच अप्पांनी मला लातूरला करीमचाचांच्या हाताखाली ठेवलं. चाचा पेंटर होते, आणि लातूर नुकताच जिल्हा झाला होता. दुष्काळानं बाकी सगळ्यांचे हात रिकामे केले असताना पेंटरला मात्र श्वास घ्यायला फुरसत नव्हती. नवी कचेरी, नवा साहेब, नवा बोर्ड. जिथे म्हणून 'जिल्हा उस्मानाबाद' लिहिलं होतं तिथे ते खरवडून 'जिल्हा लातूर' लिहायचं. शाळा, दवाखाने, सोसायट्या, पोलीसचौक्या. मी कित्येक महिने दुसरं काहीच लिहिलं नाही. गावच्या गावं माझ्या ब्रशाखालून एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात गेली. सतरा वर्षांच्या पोराला याचा केवढा गर्व वाटावा!

बोर्डांचं काम ओसरायला लागलं तेव्हा त्या दवाखान्याचा माणूस चाचांकडे आला. त्याच्याजवळ छापील कागद होता. त्यावर दोन चित्रं होती: डाव्या बाजूला गालफडं बसलेला, डोळे खोल गेलेला, मान खाली घातलेला तरुण, आणि उजव्या बाजूला तोच तरुण गुबगुबीत, पिळदार मिशांचा. मधे लिहिलेलं: 'बालपणीच्या चुकीने जीवन बरबाद? स्वप्नदोष, धातू जाणे, लग्नाची भीती? निराश होऊ नका. भेटा.' वैद्य महिन्यातून एकदा लातूरच्या एका लॉजवर येणार होता. मुरूडपासून लातूरमार्गे नांदेडपर्यंत रस्त्यालगतच्या भिंती रंगवायच्या होत्या.

"अक्षरं मी मारतो, तोंडं तू काढ," चाचा म्हणाले. "तुझा हात चांगला हाय."

"पर कुनाचं तोंड काढू, चाचा?"

"किसी का भी काढ रे. वाळकं पोरगं पायजे, बस."

छापील चित्र धुरकट होतं, त्यावरून भिंतीवर चार हात मोठा चेहरा काढणं मला जमेना. मला जगात एकच चेहरा न बघता काढता येत होता. गिरणीपाशी बसून मी लहानपणापासून तो कोळशानं फरशीवर काढत आलो होतो. मी आण्णाचा चेहरा काढला. त्याचं नाक, त्याची खाली गेलेली मान, त्याचा जरा पुढे आलेला ओठ. गाल खोदले, डोळ्याखाली काळं भरलं. चित्र असं जिवंत उतरलं की चाचांनी माझ्या पाठीवर थाप मारली. पहिली भिंत मुरूडच्या स्टँडसमोरचीच होती. चुना कालवायला पाणी मिळेना, म्हणून मी गिरणीच्या टाकीतलं पाणी डबड्यानं नेलं.

दोन दिवसांत गावातली पोरं हसायला लागली. "अरं, ह्यो तर गिरणीवाला शिवा!" कुणीतरी चित्राखाली कोळशानं त्याचं नावही लिहिलं. मी ते पुसलं. मला वाटलं, चेष्टा आहे, चार दिवसांत विरेल. आण्णा एका दुपारी स्वतः येऊन भिंतीसमोर उभा राहिला. डोक्याला रुमाल, अंगावर पीठ. तो बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "चांगलं काढलंस. हुबेहूब हाय."

मी खूश झालो.

मग त्यानं हळू आवाजात विचारलं, "तुला कुनी सांगितलं?"

"काय?"

"काय न्हाई," तो म्हणाला आणि वळून गेला.

त्या प्रश्नाचा अर्थ मला पुढे नांदेडच्या सरकारी दवाखान्यात कळला. झोपेत अंगावरचं कापड खराब होणं, जे त्या वयात प्रत्येक मुलाला होतं, ते त्यालाही व्हायचं. पहाटे कुणी उठायच्या आत तो आपलं धोतर चोरून धुवायचा, आणि दुष्काळात तेवढं पाणीही मिळेना तेव्हा ते पिठाच्या रिकाम्या पोत्यांखाली लपवायचा. कधी स्वतःच्या हातानंही घडायचं. याबद्दल त्यानं जन्मात कुणाशी चकार शब्द काढला नव्हता. आणि आता गावाच्या स्टँडसमोर त्याचाच चेहरा, त्याच्या सख्ख्या भावानं काढलेला, आणि बाजूला लिहिलेलं की याचं आयुष्य बरबाद झालं आहे. त्याला वाटलं, आपल्याकडे बघूनच लोकांना कळतंय.

त्याच सुमाराला त्याचं लग्न ठरलं होतं. मुलगी भोकरची, सुमन नावाची. तिच्या घरचं किराणा दुकान होतं. बघायला गेलो तेव्हा तिनं पोहे आणले, आणि ताटली देताना आण्णानं तिच्याकडे एकदाच बघितलं. परतीच्या बसमध्ये तो खिडकीशी बसून उगाच हसत होता. पावसाळा झाला की लग्न करू, असं दोन्हीकडच्यांनी ठरवलं.

लॉजवर तो कधी गेला हे कुणाला कळलं नाही. आम्हाला कळलं ते ताटातून. एके दिवशी त्यानं ठेचा बाजूला सारला. मग मीठ बंद केलं, तेल बंद केलं, आंबट बंद केलं. कोरडी भाकरी आणि मिळेल तेवढं दूध. दुष्काळात दूध कुठलं? आई शेजारच्या म्हशीवाल्या बाईला दळण फुकट दळून देऊन वाटीभर आणायची. "लगीन ठरलंय, अंगाला जपून राहिला माझा लेक," ती सगळ्यांना कौतुकानं सांगायची. पोत्यांमागे एक डबा होता, त्यात करड्या भुकटीच्या पुड्या. मधातून घ्यायच्या. मी एकदा डबा उघडला. पुडीवर ते नाव छापलेलं होतं, माझ्या हाताला पाठ असलेलं.

मी डबा बंद करून ठेवला. इथे मी थांबतो, कारण या ओळीपाशी मी दर वेळी थांबतो. मला सतरा वर्षं झाली होती. मला लाज वाटली, त्याची नाही, विषयाची. भावाला जाऊन काय विचारणार? तू हे का खातोस? आणि तो काय सांगणार? इंजिन चालू होतं आणि ही गोष्ट ओरडून बोलता येण्यासारखी नव्हती. मी दुसऱ्या दिवशी लातूरला गेलो आणि आणखी एक भिंत रंगवली. आता माझ्या नातवाच्या मोबाईलवर चाळताना तशीच जाहिरात मधेच उगवते, वाळका आणि गुबगुबीत, तीच दोन चित्रं. तो पोरगा अंगठ्यानं ती सरकवून टाकतो. पण मी त्याला विचारतो, "यात काय लिहिलंय ते खरं वाटतं का रे तुला?" त्याला अवघडल्यासारखं होतं. मलाही होतं. तरी विचारतो.

दोन-तीन महिन्यांत आण्णाचा चेहरा भरला. गाल वर आले, डोळे बारीक दिसायला लागले. "शिवाची तब्येत सुधारली बरं का," बाया डबा ठेवता ठेवता आईला म्हणायच्या. भिंतीवरच्या दुसऱ्या चित्रासारखा दिसायला लागला होता तो. ती सूज होती. पायही सुजले होते, पण त्यावर तो पीठ झाडायचं फडकं टाकून बसायचा. त्याला ओकाऱ्या व्हायच्या. अप्पा म्हणायचे पित्त झालंय.

आणि एका सकाळी इंजिन वाजलं नाही. आण्णा घरात नव्हता. बायका डबे घेऊन उभ्या राहिल्या आणि निघून गेल्या. विहिरी बघून झाल्या, सगळ्या कोरड्या होत्या, डोकावलं की तळ दिसायचा. नातेवाइकांकडे निरोप गेले. आई चुलीपाशी बसून राहिली, चूल पेटवली नाही. चौथ्या दिवशी लातूरहून येणाऱ्या बसचा कंडक्टर गिरणीच्या दारात आला. नांदेडच्या गाडीवाल्या कंडक्टरनं त्याच्याकडे निरोप दिला होता: मुरूडच्या गिरणीवाल्यांचा पोरगा नांदेडला सरकारी दवाखान्यात आहे, लवकर या.

तो भोकरला निघाला होता, सुमनच्या वडिलांना स्वतः नकार सांगायला. नांदेडला उतरल्यावर पुढे जायचा धीर झाला नाही. दोन दिवस तो गुरुद्वाऱ्यात लंगरला जेवला आणि तिथेच पडून राहिला. तिसऱ्या दिवशी ओकून ओकून शुद्ध गेली तेव्हा तिथल्या एका सरदारजींनी त्याला रिक्षात घालून दवाखान्यात आणलं. मधल्या वेळात तो गोदावरीच्या पुलावरही जाऊन आला होता. ते त्यानं मला पुढे कधीतरी सांगितलं. "कठड्याला धरून खाली बगितलं," तो म्हणाला, "तर नुस्ती वाळू. मंग माघारी आलो."

डॉक्टरांचं नाव पाठक. ठेंगणे, जाड चष्म्याचे, बोलताना रोग्याच्या खाटेवरच बसायचे. त्यांनी अप्पांना बाजूला घेऊन सांगितलं की मूत्रपिंडं खराब झाली आहेत. त्या भुकटीत काय होतं देव जाणे, पारा असावा. मग ते आण्णाच्या खाटेवर बसले आणि मी इतका स्वच्छ बोलणारा माणूस त्याआधी पाहिला नव्हता. "तुला काही झालेलं नव्हतं, शिवलिंग," ते म्हणाले. "झोपेत वीर्य जातं, ते सगळ्यांचं जातं. माझंही गेलंय. हातानं केलं तरी कुणी वाळत नाही, बाप व्हायचा राहत नाही. तोंडात थुंकी होते तसं शरीर ते करत राहतं. तुला आजार त्या औषधानं दिला."

आण्णानं मान हलवली. त्याला ते पटलं नव्हतं. "डॉक्टरसाहेब, तुमी चांगलं मानूस म्हनून धीर दिऊन राहिले," तो म्हणाला. "पर भितीवर लिवलंय ना. एका भितीवर न्हाई, सगळ्या रस्त्यानं लिवलंय. एवढं खोटं कोन लिवंल?"

"म्या लिवलंय," मी म्हणालो.

वॉर्डात इंजिन नव्हतं. माझा आवाज मोठा निघाला आणि पलीकडच्या खाटेवरचे लोक बघायला लागले.

"आण्णा, म्याच लिवलंय ते. मला काय कळतंय त्यातलं? त्या मानसानं कागद दिला, त्यावरनं उतरवलं. मला न्हाई कळत, चाचालाबी न्हाई कळत. आन् तोंड तुझं काढलं कारन मला दुसरं येत नव्हतं. मला कुनी काय सांगितलं नव्हतं रे. कुनीबी न्हाई."

तो माझ्याकडे बघत राहिला. सुजलेल्या पापण्यांतून डोळ्यांची फक्त रेघ दिसत होती. मग त्यानं तोंड भिंतीकडे केलं. त्याचे खांदे हलत होते. भिंतीकडे बघतच तो म्हणाला, "आदी सांगाचं होतं."

अप्पा बाहेर व्हरांड्यात जाऊन बसले होते. मी त्यांच्याजवळ गेलो. ते मारतील असं मला वाटत होतं, मारायला हवं होतं. पण ते समोरच्या कडुनिंबाकडे बघत, मी कधी ऐकला नव्हता अशा बारीक आवाजात म्हणाले, "मलाबी व्हायचं. त्याच्यायेवढा असताना. मीबी लई भ्यालो होतो, बसू. मला वाटलं लेकरं व्हनार न्हाईत." मग म्हणाले, "तुमी दोगं झालात. मंग मी इसरून गेलो. पोराला सांगाचं असतं, हे ध्यानातच आलं न्हाई."

महिनाभर आम्ही नांदेडला होतो. भोकरला नकार अप्पांनीच कळवला. कारण सांगितलं मूत्रपिंडाचं. सुमनचे वडील एकदा दवाखान्यात येऊन मोसंबी ठेवून गेले. डॉक्टर पाठकांनी एक दिवस मला विचारलं, "भिंतीवर एवढं खोटं चित्र काढलंस, खरं काढशील का?" ते म्हणाले की आपल्याकडे अशी किती पोरं येतात आणि ती बोललेलं ऐकत नाहीत, कारण त्यांनी उलट काही बघितलेलं असतं. मी चित्रं काढायची, ते गोष्ट सांगणार. हॉस्टेलात, शाळांत, जिथे दार उघडेल तिथे. मी नाही म्हणालो. माझ्या हाताला ब्रश नको झाला होता.

हो म्हणाला तो आण्णा. आम्ही त्याला मुरूडला आणलं होतं. पुढच्या उपचाराला मुंबईला न्या असं सांगितलं होतं, ते आमच्या आवाक्यात नव्हतं. तो गिरणीत पिठाच्या पेटीवर टेकून बसायचा. मीठ आता डॉक्टरांनीच बंद केलं होतं. अळणी आमटी तो मुकाट्यानं प्यायचा आणि आई दुसरीकडे बघायची. "काढ," तो मला म्हणाला. "तोंड माझंच काढ. मी सांगतो कसं काढाचं."

मी जुन्या कॅलेंडरांच्या मागच्या कोऱ्या बाजूंवर चित्रं काढली. एक पोरगा पहाटे धोतर धुतोय. पोरगा भिंत वाचतोय. पोरगा लॉजच्या जिन्यावर. मी त्याला रडताना काढलं होतं. आण्णानं कागद हातात घेतला. "असं न्हाई. भ्यालेलं मानूस रडत न्हाई, बसू. चारचौघांत हसत ऱ्हातं. सगळ्यांच्या आदी हसतं." मी ते चित्र पुसून पोराला मित्रांच्या घोळक्यात हसताना काढलं. तसंच हसताना मी त्याला भोकरच्या बसमध्ये पाहिलं होतं. ते हसू खरं होतं की भीतीचं, हे मी त्याला विचारलं नाही. शरीराच्या आतलं चित्र डॉक्टरांनी टपालानं पाठवलेल्या रेखाटनावरून काढलं. शेवटी मी पोराला दवाखान्याच्या खाटेवर दाखवलं होतं. तेही त्यानं बदलायला लावलं.

"शेवट चांगला कर."

"पर खरं तर..."

"खरं मला म्हाईत हाय," तो म्हणाला. "पुन्यांदा भ्या नको दाखवू पोरांना. भ्यायला ती स्टँडसमोरची भित पुरी झाली. त्याचं लगीन लाव."

मी लग्न काढलं. अक्षता, मुंडावळ्या, सगळं.

या चित्रांचा पहिला खेळ आमच्याच गिरणीत झाला. दुपारी इंजिन बंद झाल्यावर गल्लीतली आठ-दहा पोरं बोलावली, शटर अर्धं ओढलं. डॉक्टर नव्हते, मीच सांगितलं. पोरं खिदळली, एकमेकांना कोपरं मारली. धोतर धुवायच्या चित्रावर खिदळणं थांबलं. कुणीच कुणाकडे बघेना. आण्णा पेटीवर बसून चित्रांकडे नाही, पोरांच्या तोंडांकडे बघत होता. पोरं गेल्यावर तो म्हणाला, "पाठीमागच्या दोघांना मागं थांबायचं होतं. पुढच्या टायमाला तू भाईर जाऊन थांब. एकेकटं इचारतील." एवढं बोलून तो दमला. आईनं मागच्या खोलीतून सगळं ऐकलं होतं. ती ना त्या दिवशी बोलली, ना नंतर.

स्टँडसमोरची भिंत आम्ही पुसली. करीमचाचा स्वतः लातूरहून चुना घेऊन आले. आण्णाला बघून ते दारातच थबकले, डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. "मला काय मालूम, बेटा," ते म्हणाले. "मला कायच मालूम नव्हतं." टँकरपुढे हंडे घेऊन थांबलेल्या बायकांनी आम्हाला शिव्या घातल्या की प्यायला थेंब नाही आणि हे भिंती सारवतायत. आम्ही मुकाट्यानं कुंचा मारत राहिलो. रस्त्यावरच्या बाकी भिंती तशाच राहिल्या. तेवढा चुना आणि तेवढं पाणी कुणाजवळ नव्हतं.

आण्णा वर्षभर होता. शेवटी शेवटी त्याला माणसं ओळखू येत नव्हती, इंजिनाचा आवाज मात्र कळायचा, बंद पडलं की डोळे उघडायचा. आमच्यात पुरतात, मांडी घालून बसवून. त्याला तसा बसवला तेव्हा तो गिरणीत बसल्यासारखाच दिसला, फक्त अंगावर पिठाऐवजी विभूती. आई रडली नाही. घरी आल्यावर तिनं त्याचं ताट घासलं, परत घासलं, आणि घासतच राहिली, शेवटी अप्पांनी ते तिच्या हातातून काढून घेतलं.

अठराव्या दिवशी डॉक्टर पाठकांचं पत्र आलं. त्यांना काही कळलेलं नव्हतं. नांदेडच्या एका कॉलेजच्या हॉस्टेलात खेळ ठरला होता, चित्रं घेऊन ये. मी अप्पांना विचारलं. ते म्हणाले, "जा." मी चित्रांची गुंडाळी बगलेत मारून बसमध्ये बसलो. डॉक्टरांना स्टँडवर भेटलो तेव्हाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी खेळ बंद ठेवला असता.

हॉस्टेलच्या मेसमध्ये टेबलं सरकवून पोरं खाली बसली होती. साठ-सत्तर असतील, बहुतेक खेड्यांतली, घरी करपलेली शेतं ठेवून आलेली. पाणी नव्हतं म्हणून मेसवाला पत्रावळीवर वाढायचा, कोपऱ्यात त्यांचा ढीग होता. डॉक्टर बोलत होते, मी एकेक चित्र वर धरत होतो. आण्णाचा चेहरा माझ्या हातात होता आणि सत्तर पोरं त्याच्याकडे बघत होती. मी चित्र छातीशी टेकवून धरलं. लग्नाचं चित्र आलं तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या.

संपल्यावर, आण्णानं सांगितलं होतं तसं मी बाहेर पायरीवर जाऊन बसलो. थोड्या वेळानं एक पोरगा आला. उंच, किडकिडीत, वर्णानं काळा. इकडे तिकडे बघून तो माझ्या शेजारी बसला. त्याचं गाव किनवटकडे होतं. तो चपलेनं माती उकरत बसला.

"तुमी काढलेला हा मानूस," तो म्हणाला, "खरा हाय का?"

"हाव."

"मंग पुढं काय झालं त्याचं? खरं सांगा."

मी त्याच्याकडे बघितलं. डोळ्याखाली काळं होतं. ते काळं मी इतक्या भिंतींवर भरलं होतं, मला ते लगेच ओळखू आलं.

"बरा झाला," मी म्हणालो. "लगीन झालं त्याचं. भोकरची हाय त्याची बायको."

त्यानं लांब श्वास सोडला. मग घाईघाईनं, माझ्याकडे न बघता म्हणाला, "माझंबी ठरलंय. ह्या उन्हाळ्यात. मी घरी लगीन नको म्हनून कळवनार होतो. कार्ड लिवून ठिवलंय."

"कार्ड फाड," मी म्हणालो.

"मंग करू ना?"

"कर," मी म्हणालो. "काय व्हत न्हाई. कर."